इंग्रजीतील वेळ हिब्रूत सांगताना

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात इस्रायली तंत्रज्ञांशी पत्रव्यवहार करणाऱ्याने इंग्रजी मजकुरातील वेळ हिब्रूत उतरवताना मराठीचाच आधार घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. साडेपाच म्हणजे ‘खामेश वाखेत्सी’, सव्वापाच म्हणजे ‘खामेश वारेवा’ आणि पावणेसहा म्हणजे ‘रेवा लेशेश’, म्हणजेच सहाला पाव कमी. हिब्रूत तासासाठीचा शब्द स्त्रीलिंगी असल्याने घड्याळी तास सांगताना संख्येचे स्त्रीलिंगी रूपच येते. दिवस मात्र पुल्लिंगी, म्हणून तीन वाजले तर ‘शालोश’, पण तीन दिवस म्हणजे ‘श्लोशा यामिम’.

सर्वाधिक काळजी द्विवचनाची घ्यावी. संस्कृत शिकलेल्यांना ते परिचित वाटेल: दोन तास, दोन दिवस, दोन आठवडे, दोन महिने, दोन वर्षे यांसाठी अनुक्रमे ‘शाअतायिम’, ‘योमायिम’, ‘श्वुआयिम’, ‘खोद्शायिम’, ‘श्नातायिम’ असे एकेकच शब्द आहेत, आणि तेथे ‘दोन’ वेगळा लिहू नये. त्यांच्याआधी ‘लिफ्ने’ लावल्यास ‘पूर्वी’ आणि ‘बेओद’ लावल्यास ‘नंतर’ असा अर्थ होतो.

परवा मात्र मराठीसारखा दुहेरी अर्थाचा नाही: होऊन गेलेला ‘शिल्शोम’, येणारा ‘मोख्रोतायिम’.

वारांमध्ये रविवार ‘योम रिशोन’, म्हणजे पहिला दिवस, आणि इस्रायलमध्ये तो कामाचा दिवस असतो. म्हणून इंग्रजी पत्रातील ‘वीकेंड’ हिब्रूत ‘सोफ शावुआ’ असा लिहिला, तरी वाचणारा त्यातून शुक्रवार-शनिवार समजतो. बैठक ठरवताना वारासोबत तारीखही लिहावी.