लेकीची फेकीची खुर्ची: पहिल्या स्पर्धेआधी काय काय मोजायचं

विट्याजवळ माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. लेक आठवीत असताना गच्चीवरून पडली, मणक्याला मार लागला आणि कमरेखालची ताकद गेली. आज ती बावीस वर्षांची आहे, बसून गोळाफेक करते. "आमच्या लेकराला स्पर्धेला कसं न्यायचं?" असं विचारत आईबाप दुकानात येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

आधी कागद. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागतंच, पण त्यावरच्या टक्क्यांवरून खेळातला गट ठरत नाही. वर्गीकरण करणारे स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल स्वतः तपासतात. मणक्याच्या किंवा पायांच्या दोषामुळे बसून फेकणाऱ्यांसाठी एफ५१ ते एफ५७ असे गट असतात. एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये लावा आणि दोन झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा. देशात मिळालेला गट आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बदलू शकतो, हे लेकराला आधीच सांगा. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये, विनोद कुमार यांनी एफ५२ थाळीफेकीत कांस्य जिंकलं आणि दुसऱ्याच दिवशी ते त्या गटात बसत नाहीत असं ठरून पदक गेलं. त्या रात्री आमच्या घरी कुणाला जेवण गेलं नाही. मूल कर्णबधिर असेल तर वाट वेगळी. त्यांच्यासाठी डेफलिम्पिक्स आहे.

आता खुर्ची. तयार खुर्ची परवडत नाही म्हणून मी चौकोनी पाइपाची बनवली. बैठकीची उंची ७५ सेंटीमीटरच्या वर चालत नाही, आणि ती गादी धरून मोजतात. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या स्पर्धेला बैठक ७४ वर आणि वर दोन इंची फोम! मोजणी झाली, गादी काढावी लागली. पोरीनं उघड्या पत्र्यावर बसून गोळा फेकला. तिथं संवेदना नाही, त्यामुळं तिला काही कळलं नाही. घरी आल्यावर तिच्या आईला जखम दिसली. भरायला पाच महिने लागले, म्हणजे पाच महिने सराव बंद. ती चूक माझी होती.

आता बैठक ६९ वर, गादी ४ ची, उरलेले दोन सेंटीमीटर सूट म्हणून. धरायचा दांडा सरळ आणि एकाच नळीचा ठेवा, वाकवू नका. स्प्रिंग किंवा हलणारा सांधा कुठंही नको. फेकताना बूड उचललं की फेक बाद, म्हणून मांड्या आणि कंबर न ताणणाऱ्या पट्ट्यांनी आवळायच्या. पण पट्ट्याखाली वळ उठतोय का, हे प्रत्येक सरावानंतर आरशात बघायला तिला शिकवा. खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, ही सवय गोळाफेक शिकवायच्या आधी लावा.

खुर्ची जमिनीला बांधायची सोय गावात नसते. मी शाळेच्या मैदानावर काँक्रीट ओतून चार अँकर बोल्ट पुरले. हेडमास्तरांना एकदा भेटलो, त्यांनी लगेच हो म्हटलं. मैदान नाही म्हणून थांबू नका. गल्लीत चार बोल्टांपुरती जागा निघते. याच सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४ ला पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य आणलं. इस्लामपूरजवळच्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी तर १९७२ लाच जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला पोहण्यात सुवर्ण जिंकलं होतं.

प्रवासात सगळ्यात मोठी अडचण शौचालयाची. दार अरुंद असतं, म्हणून पोरी पाणीच पीत नाहीत. मग लघवीचा जंतुसंसर्ग आणि स्पर्धेच्या दिवशी ताप. लॉजवाल्याला फोन करून शौचालयाच्या दाराची रुंदी सेंटीमीटरमध्ये विचारा. "मोठं आहे" हे उत्तर घेऊ नका. आमची व्हीलचेअर ६२ ची आहे. रेल्वेचं सवलतीचं ओळखपत्र आधी काढून ठेवा, सोबत्यालाही सवलत मिळते. मणक्याला वरच्या भागात इजा असेल तर घाम नीट येत नाही, ऊन लगेच चढतं. ओला पंचा आणि पाण्याचा फवारा मैदानावर हवाच. दुखण्याची कुठलीही गोळी देण्याआधी ती उत्तेजक चाचणीत चालते का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि पिशवीत पान्हा, एक जादा पट्टा, मेजर टेप. मैदानात शिरायच्या आधी खुर्ची गादीसकट पुन्हा मोजा.