नवतपात स्पोर्ट्स कारचा एसी कसा तपासावा

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की यवतमाळ-वर्ध्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हे मोजमाप सावलीतल्या हवेचे असते. डांबरालगतची हवा त्याहून बरीच तापलेली असते आणि स्पोर्ट्स कारचे बुटके नाक नेमकी तीच हवा ओढते. गेल्या उन्हाळ्यात एका नातलगाची अशी दोन आसनी गाडी लग्नासाठी गावी आली. समृद्धी महामार्गावर तिचा एसी थंडगार होता, मात्र गावाजवळच्या रेल्वे फाटकावर दहा मिनिटे थांबताच झोत कोमट झाला. ‘गॅस संपला,’ असे निदान वऱ्हाडातल्या प्रत्येकाने केले, पण गॅस शाबूत होता.

एसी आतली उष्णता रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. बाहेर ४५ अंश असताना हे काम होण्यासाठी कंडेन्सरमधला गॅस साधारण ६० अंशांपर्यंत तापलेला असावा लागतो. गाडी उभी राहिली की हवेची सारी भिस्त पंख्यावर येते, इंजिनाची गरम हवा वळून पुन्हा पुढे शिरते, दाब वाढत जातो आणि मर्यादा ओलांडताच सुरक्षेसाठी गॅस दाबणारा कॉम्प्रेसर बंद केला जातो.

म्हणून तपासणीची सुरुवात थर्मामीटरने करावी. डॅशबोर्डवरच्या मधल्या एसी झडपेत तो खोचून, काचा लावून, आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबून, आधी उभ्या गाडीत आणि नंतर चालत्या गाडीत तापमान पाहावे. धावताना गार आणि थांबल्यावर कोमट असा फरक दिसला, तर संशय कंडेन्सरवर किंवा पंख्यावर घ्यावा; दोन्ही वेळा कोमटच राहिले, तर मात्र गळती किंवा कॉम्प्रेसर तपासून घ्यावा.

त्यानंतर इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे आणि पुढच्या जाळीतून विजेरीने आत पाहावे. आमच्या पाहुण्या गाडीत मेलेले किडे, गवताच्या काड्या आणि सावरीच्या कापसाचे पुंजके यांचा नमदाच बसला होता. तो मऊ ब्रशने सैल करून साध्या नळीच्या पाण्याने धुवावा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा इथे नको, कारण कंडेन्सरच्या पातळ पात्या त्याने वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते. एसी सुरू केल्यावर पंखा फिरतो की नाही, हेही पाहून घ्यावे.

गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून गॅरेज गाठू नये. मुंबईच्या दमट हवेत धार लागते. आपल्या कोरड्या मे महिन्यात फारसे ठिबकत नाही.

गॅस भरायचाच असेल, तर आधी गळती शोधायला लावावी आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच तो वजन करून भरून घ्यावा. अंदाजाने ‘थोडा जास्त’ भरलेला गॅस उन्हात दाब आणखी वाढवतो.

उन्हात उभी राहिलेली गाडी काढताना आधी काचा उतरवून दोन मिनिटे चालवावी, कारण तिरप्या मोठ्या काचेखाली डॅशबोर्ड तव्यासारखा तापलेला असतो. काही गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्रेसर क्षणभर बंद होतो, तो बिघाड समजू नये.

धुतल्यानंतर परतीच्या दुपारी तेच फाटक पुन्हा लागले. मालगाडी सावकाश गेली आणि थर्मामीटर चौदा अंशांच्या वर चढला नाही.