गव्हर्नर जेफरसनची सरकारी पत्रे कशी वाचावीत

थॉमस जेफरसन १ जून १७७९ रोजी व्हर्जिनियाचा गव्हर्नर म्हणून निवडला गेला आणि जून १७८१च्या सुरुवातीला पायउतार झाला. ब्रिटिशांविरुद्धच्या ऐन अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली ही दोन वर्षे. त्याचा या काळातला पत्रव्यवहार अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर कोणालाही फुकट वाचता येतो.

सगळा ढीग एकदम उपसू नका. आधी एकच जोडी धरा. लेखक जेफरसन, पत्र कोणाला तर अमेरिकन सैन्याचा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनला, एवढे निवडून तारखांच्या क्रमाने वाचत जा.

मग मायना पाहा. ‘इन कौन्सिल’ असे लिहिलेले दिसले तर थांबा. व्हर्जिनियाच्या १७७६च्या राज्यघटनेने गव्हर्नरला आठ जणांच्या कौन्सिलच्या सल्ल्याने कारभार करायला लावले होते, त्यामुळे पत्रातला ‘मी’ दर वेळी एकट्याचा नसतो. शेवटचे ‘आपला अत्यंत आज्ञाधारक, नम्र सेवक’ म्हणजे आपल्या जुन्या पत्रांतल्या ‘सेवेसी विज्ञापना’सारखी रीत. त्यात लाचारी शोधू नका.

तळटीप कधीही गाळू नका. हाती आहे ते पाठवलेले पत्र की दप्तरातली नक्कल, हे तिथेच कळते. जानेवारी १७८१मध्ये ब्रिटिशांना जाऊन मिळालेल्या बेनेडिक्ट आर्नोल्डने व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडवर धाड घातली, तेव्हा सरकारी कागद मोठ्या प्रमाणात गेले. म्हणून कित्येक पत्रे ज्याला मिळाली त्याच्याच संग्रहात उरली आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पत्राशेजारी उत्तराची तारीख मांडा. २८ मे १७८१चे शार्लट्सव्हिलहून लिहिलेले पत्र घ्या. ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात शिरला आहे, शत्रूचे सैन्य अंदाजे ७,००० आहे, तुम्ही स्वतः इकडे या, अशी वॉशिंग्टनला विनवणी आहे. (हाच कॉर्नवॉलिस १७८६मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि पुढे पेशव्यांना सोबत घेऊन टिपूशी लढला.) पत्राच्या शेवटाकडे जेफरसन लिहितो की, या पदाच्या ओझ्यातून राज्यघटनेने ठरवलेली सुटका आता थोड्याच दिवसांवर आली आहे. घायकुतीला आलेला माणूस तिथे डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता उत्तर उघडा. तारीख ८ जून, वॉशिंग्टनचे लक्ष न्यूयॉर्ककडे. तोवर जेफरसनची मुदत संपलेली होती, आणि ४ जूनला ब्रिटिश अधिकारी टार्लटनचे घोडेस्वार शार्लट्सव्हिलमध्ये येऊन गेले होते.