कोटाच्या खिशातला रुमाल: निवडायचा कसा, घडी कशी घालायची, जपायचा कसा

लग्नासाठी सूट घेतला की दुकानदार टायसोबत एक छोटा त्रिकोण हातात देतो. टायच्याच चकचकीत कापडाचा, पुठ्ठ्यावर शिवलेला, खिशात नुसता अडकवायचा. तो घेऊ नका. कोटाच्या वरच्या खिशात रुमाल ठेवायचाच तर तो खराखुरा चौकोनी असावा आणि त्याची घडी हाताने घातलेली असावी. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत, पण कापडाकडे नीट लक्ष द्यावं लागतं. कुठली घडी बसेल, ती किती वेळ टिकेल, घरात रुमाल कसा ठेवायचा, हे सगळं कापडावर अवलंबून असतं. नागपुरात तर त्या कापडाला मे महिन्याचा घाम, कूलरची ओल आणि पावसाळा, तिन्ही सोसायचं असतं.

आधी खिसा तपासा

नव्या कोटाचा वरचा खिसा बहुतेक वेळा कच्च्या टाक्यांनी बंद केलेला असतो. ते टाके बारीक कात्रीने एकेक करून उसवा, ओढू नका. आत अस्तराची पिशवी आहे का, ते बोट घालून बघा. काही कोटांत खिसा नुसता दाखवण्यापुरता असतो, वरून पट्टी आणि आत काहीच नाही. असा कोट अजून घेतला नसेल तर दुसरा बघा.

मग मोजपट्टी घेऊन खिशाची रुंदी आणि खोली मोजा. रुंदी साधारण १० ते ११ सेंमी भरते, खोली १० ते १२. हे दोन आकडे लिहून ठेवा, घडी घालताना लागतील.

कापड निवडताना

पहिला रुमाल पांढरा घ्या, लिननचा किंवा बारीक सुताचा. निळा, करडा, काळा, तपकिरी, कुठल्याही सुटावर तो चालतो. हायकोर्टातल्या वकिलापासून नव्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलापर्यंत कुणालाही तो शोभतो. लिनन थोडं ताठ असतं, त्यामुळे सरळ रेषेची घडी त्यात धारदार बसते आणि संध्याकाळपर्यंत उभी राहते. जाड खादीचा रुमाल मात्र या कामाचा नाही. सहा पदर झाले की छातीवर फुगवटा येतो. खादी आवडत असेल तर बारीक सुताची मागा.

आकाराकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग रुमाल खिशात बुडतो म्हणून तक्रार करतात. सुती किंवा लिननचा रुमाल एका बाजूने ३३ ते ३५ सेंमी हवा. रेशीम पातळ असतं, ते ४० सेंमीच्या आसपास घ्या. ३० च्या खाली जाऊ नका.

रेशीम घेताना सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाची खूण असलेलं लेबल बघा. सुटं कापड असेल तर कडेचा एक धागा काढून, घरी, कापडापासून लांब, काडीवर जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरडली जाणारी राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. पॉलिस्टर सॅटिन स्वस्त असलं तरी घडी धरत नाही, सारखं निसटतं, आणि लॉनवरच्या प्रखर दिव्यांत नको तितकं चमकतं.

आपला टसर

टसरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण या कामाला याहून चांगलं रेशीम मला माहीत नाही, आणि ते आपल्या उशाशी आहे. नागपूरहून भंडारा साधारण ६० किलोमीटर. त्या जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव या बाजूला कोशाचं कापड हातमागावर विणलं जातं. पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या वाढतात, त्यांच्या कोशातून हा धागा निघतो.

तुतीच्या रेशमापेक्षा टसरचा धागा जाड आणि किंचित असमान असतो. म्हणून त्याला झगमगाट नसतो, मंद तेज असतं. पोत थोडा खरखरीत असल्यामुळे तो खिशाच्या अस्तराला धरून बसतो आणि सरकत नाही. फुगवून खोचला तर फुगा दबत नाही. न रंगवलेल्या टसरचा मधासारखा रंग गडद निळ्या, करड्या, बाटली हिरव्या आणि तपकिरी कोटावर सारखाच उठून दिसतो. जोधपुरीवर तर फारच छान.

करवती किनारीची नऊवारी किंवा सहावारी विदर्भातल्या अनेक घरांत असते. काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, आणि या विणकामाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. चांगल्या साडीला कात्री लावू नका. पण आजीची एखादी साडी घड्यांवर चिरत गेली असेल, नेसण्याजोगी उरली नसेल, तर घरातल्यांना विचारून काठाजवळचा धड भाग वापरा. काठ रुमालाच्या एका कडेला येईल असा चौकोन काढा. सरळ घडीत ही कड वर ठेवली की खिशावर दात्यांची एक ओळ दिसते. नवरदेवाच्या कोटावर मला यापेक्षा काही शोभून दिसत नाही.

घरी बनवायचा असेल तर

कापड नागपूरच्या गांधीबाग किंवा इतवारी बाजारात बघा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, तयार रुमाल मिळतात, पण निवड थोडी. ४४ इंच पन्ह्याचं ४० सेंमी कापड घेतलं तर त्यात तीन रुमाल निघतात.

१. सुती किंवा लिनन असेल तर कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे जे आटायचं ते आटून जाईल.

२. ३७ सेंमीचा चौकोन आखा. पेन्सिलीच्या रेषेवर विसंबू नका. कडेचा एक धागा सुईने उचलून हळूहळू ओढा. कापडात एक विरळ रेघ उमटेल, तिच्यावरूनच कापा. असं केलं की चौकोन खऱ्या काटकोनात येतो आणि घडी तिरकी जात नाही.

३. कडा बोटांनी आत वळत न्या, बारीक सुरळी करा आणि जुळत्या रंगाच्या दोऱ्याने तुरपाई घाला. टाके तीन-चार मिलिमीटर अंतरावर, दोरा सैल. चारही बाजू धरून दीड-दोन तास लागतात.

पिको-फॉलच्या दुकानात पाच मिनिटांत कडा करून मिळते, हे खरं. फुगा घडीत (घड्या पुढे सांगतो) कडा आत लपते, तिथे पिको चालेल. टोकाच्या घडीत मात्र कडाच दिसते, आणि हाताने वळलेल्या कडेची गोलाई मशीनला साधत नाही.

रंग जुळवताना

टाय आणि रुमाल एकाच थानातले नकोत. टायमध्ये किंवा शर्टात जो रंग थोडा आहे, तो रुमालात जास्त येऊ द्या. निळ्या टायवर मरून ठिपके असतील तर रुमालात मरून असावा. टाय चमकदार असेल तर रुमाल मंद पोताचा, टाय लोकरीचा किंवा विणलेला असेल तर रुमाल रेशमी. शर्ट पांढरा, रुमाल पांढरा, ही जोडी कधीच चुकत नाही. आणि रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. दुकानाच्या दारापर्यंत जा, दिवसाच्या उजेडात कोटावर ठेवून बघा. कोट सोबत न्यायला लाजू नका.

तीन घड्या पुरे

इंटरनेटवर पंख्यापासून गुलाबापर्यंत पन्नास प्रकार सापडतात. गुलाब करायच्या फंदात पडू नका.

सरळ घडी, लिनन किंवा सुती रुमालासाठी. (मापं ३३ सेंमीच्या रुमालाची आहेत.)

१. रुमाल किंचित ओला असतानाच कडक इस्त्री करा.
२. वरून खाली अर्धा दुमडा. दुमड वरच्या बाजूला राहू द्या, खिशावर तीच दिसणार आहे.
३. डावी आणि उजवी बाजू आत घेऊन तीन पदर करा. रुंदी ११ सेंमी होते. खिसा १० चा असेल तर तेवढी कमी करा. अगदी घट्ट नको, दोन्हीकडे एखादा मिलिमीटर मोकळा असू द्या.
४. खालचा चार सेंमी भाग मागे दुमडा. उंची साडेबारा होते. ११-१२ सेंमी खोल खिशात ठेवला की वर अर्धा ते दीड सेंमी पट्टी दिसते. खिसा उथळ असेल तर खालून जास्त दुमडा.

एका टोकाची घडी. रुमाल टेबलावर असा ठेवा की एक कोपरा तुमच्याकडे असेल. तो कोपरा वरच्या कोपऱ्यावर नेऊन त्रिकोण करा. डावा कोपरा आत, उजवा त्याच्यावर, खिशाच्या रुंदीइतके. खालचा भाग वर दुमडा. दोन टोकं हवी असतील तर पहिली दुमड घालतानाच वरचे कोपरे एकमेकांवर न आणता दोन-तीन सेंमी बाजूला सरकवा. वर तीन सेंमीपेक्षा जास्त काढू नका.

फुगा, रेशमासाठी, आणि टसरचा तर सर्वांत देखणा. रुमालाचा मध्य चिमटीत धरून उचला, कोपरे खाली लोंबू द्या. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याची आणि तर्जनीची कडी करून रुमाल त्यातून हलकेच अर्ध्यापर्यंत खाली ओढा. खालचा भाग मागे दुमडा, खिशात ठेवा, आणि वरचा फुगा दोन बोटांनी किंचित दाबून मोकळा करा. हाच गोळा उलटा, म्हणजे कोपरे वर करून ठेवला की पाकळ्या दिसतात. फुगा ठेवल्यावर आरशात एकदाच बघा आणि सोडून द्या. सारखं चाचपत राहिलात की तो मरगळतो.

रुमाल खाली घसरत असेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा जाड, कोरा भाग नऊ सेंमी रुंद कापून घडीच्या आत ठेवा. सोनेरी छपाईचा भाग टाळा, घामाने रंग सुटतो. टाचणी किंवा सेफ्टी पिन रेशमाला लावू नका, भोक कायमचं राहतं.

लग्नाच्या दिवशी

मंगलाष्टकं संपून अक्षता पडेपर्यंत पांढरा रुमाल आतल्या खिशात ठेवा. कुंकवाच्या अक्षतांचे लाल ठिपके लिननवर सहज पडतात. दारात गुलाबपाणी शिंपडतात, त्याचे थेंब रेशमावर वाळले की कडं उमटतं. अत्तर मनगटाला लावा, रुमालाला नाही.

घाम पुसायला पँटच्या खिशात वेगळा सुती हातरुमाल हवाच. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना वरच्या रुमालाला हात जाणं स्वाभाविक आहे, म्हणून दुसरा आधीच जवळ असू द्या.

धुणं आणि इस्त्री

वापरलेला रुमाल तसाच कपाटात टाकू नका. घाम आणि अन्नाचा अंश राहिला की कीड तिथेच लागते.

लिनन आणि सुती रुमाल साध्या पाण्यात हाताने धुवा. हळदीचा डाग पडला तर साबण लागताच तो लाल होतो, घाबरू नका. नीट खळबळून पांढरा रुमाल उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उजेडात उडतो, आणि आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही. रेशमावर हा उपाय करू नका, ऊन रेशमालाच पिवळं आणि ठिसूळ करतं. रेशमी रुमाल रिठ्याच्या कोमट पाण्यात, न पिळता धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत वाळवा. गडद रंगाचा किंवा छापील असेल तर ड्रायक्लीन बरं.

इस्त्रीवर ठिपके असतात. रेशमाला एक किंवा दोन, लिननला तीन. रेशमावर उलट्या बाजूने, वर पातळ सुती कापड ठेवून इस्त्री फिरवा. टसरवर पाणी शिंपडू नका, थेंबांचे डाग राहतात. कोपऱ्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीला लिनन द्यायला हरकत नाही, रेशीम देऊ नका.

ठेवायचं कसं

पहिली गोष्ट, घरी आल्यावर रुमाल खिशातून काढा. आठवडाभर तिथेच राहिला तर घडी मुरते आणि खिशाचं तोंड सैल होतं. उघडून, तासभर हवेशीर टांगून मग ठेवा.

लिनन सपाट, एकावर एक. रेशीम शक्यतो सुरळी करून. अॅल्युमिनियम फॉइलची पुठ्ठ्याची नळी घ्या, तिच्यावर जुन्या मऊ धोतराचा किंवा साडीचा तुकडा गुंडाळा आणि वर रुमाल. सपाटच ठेवायचा असेल तर दोन-तीन महिन्यांनी दुमड बदला, नाहीतर रेशीम दुमडीवरच चिरतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, त्यापेक्षा शर्टाचा पुठ्ठ्याचा खोका चांगला.

खळ लावलेला रुमाल साठवू नका. खळीवर कसर येते. ताठ हवाच असेल तर घालायच्या आदल्या दिवशी खळ करा. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका, कोपऱ्यात वेगळ्या पुरचुंडीत ठेवा. कडुलिंबाची पानं वापरायची तर आधी पूर्ण वाळवा, ओली पानं हिरवा डाग पाडतात.

नागपुरात पावसाळ्याची काळजी सगळे घेतात, पण रेशमाचं नुकसान उन्हाळ्यातच सुरू होतं. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट राहते. कपाटाचं दार त्या झोताच्या समोर येत असेल तर आतल्या कापडाला आधी कुबट वास येतो, मग बुरशीचे बारीक ठिपके. रुमालांचा खोका कूलर नसलेल्या खोलीत हलवा. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. बुटांच्या किंवा बॅगांच्या डब्यातून मिळतात त्याही चालतात, पण जुन्या पुड्या ओल शोषून निकामी झालेल्या असतात, म्हणून दर पावसाळ्याला नव्या टाका.

पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात एका कोरड्या दिवशी सगळे रुमाल बाहेर काढा. सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन तास पसरा, कडांची तुरपाई कुठे उसवली आहे का बघा आणि तिथेच दोन टाके घाला. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तेव्हा हातात दोरा घ्यायला वेळ मिळत नाही.