ओडी-लीडरशिपचं पीजी करताय? आधी प्रोजेक्टसाठी कंपनीत शिरायचं कसं ते बघा

ऑर्गनायझेशनल डेव्हलपमेंट, म्हणजे कंपनीतल्या लोकांना सोबत घेऊन कंपनीचं काम सुधारायचा अभ्यास, सगळे ज्याला नुसतं ओडी म्हणतात ते, आणि त्याला जोडून लीडरशिप, यात मास्टर्स करायचं ठरवलेली मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात. कोणाची पुतणी, कोणाचा भाचा, दांडिया बाजारातल्या कुठल्यातरी काकूंनी नंबर दिलेला असतो. आणि प्रश्न एकच, ताई कॉलेज कुठलं घेऊ. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एचआर बघते, हा अभ्यास नोकरी सांभाळून केलाय, नंतर बऱ्याच मुलांचे प्रोजेक्ट गेटच्या आतून बघितलेत, तर सांगते, अ‍ॅडमिशन हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. गाडी अडते ती प्रोजेक्टला, आणि त्याबद्दल कोणी धड बोलत नाही, "कोणाची तरी ओळख काढ" एवढ्यावर विषय संपतो.

कोर्स

ओडी नावाची स्वतंत्र डिग्री आपल्याकडे मोजक्या ठिकाणी आहे. मुंबईला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंट, चेंज अँड लीडरशिपचं एम.ए. आहे. बाकी बहुतेक ठिकाणी एचआरच्या डिग्रीत एखादा पेपर म्हणून येतं. बडोद्यातच राहायचं असेल तर सयाजीराव विद्यापीठाच्या सोशल वर्क फॅकल्टीचं, फतेगंजवालं, एमएचआरएम, म्हणजे एचआरमधलं मास्टर्स, बघा. सिलॅबस उघडून फील्डवर्कला किती वजन दिलंय तेवढं तपासा, जो कोर्स वर्गातच सुरू होऊन वर्गातच संपतो तो घेऊ नका. बस.

वाचन

या विषयातली मोठी नावं, म्हणजे कर्ट लेविन, क्रिस अर्गिरिस, एडगर शाइन, जॉन कॉटरच्या बदल घडवायच्या आठ पायऱ्या, आणि आपल्याकडचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव, ज्यांनी १९७० च्या दशकात एल अँड टीत एचआरडीची, म्हणजे मनुष्यबळ विकासाची, घडी बसवून दिली. हे सगळं सर शिकवतातच.

एक गोष्ट मात्र स्वतःहून वाचून ठेवा. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे संशोधक ए. के. राइस १९५३ साली आपल्या शेजारी अहमदाबादला कॅलिको मिलमध्ये आले होते. नवीन ऑटोमॅटिक लूम (माग) बसवलेले आणि उत्पादन काही अपेक्षेसारखं वाढत नव्हतं. एकेका माणसाला कामाचा एकेक तुकडा वाटून दिलेला, त्याऐवजी छोटे गट करून गटाकडे ठराविक लूम सोपवायची कल्पना पुढे आली, तर कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती आपापसात लगेच उचलली आणि आपले गट आपणच पाडले. "हे सगळं अमेरिकेत चालतं बेन, इथे नाही" असं शेठ म्हणाले की हीच गोष्ट कामाला येते.

प्रोजेक्ट, इथे थांबा

"लीडरशिप स्टाइलचा एम्प्लॉयी एंगेजमेंटवरील परिणाम, बडोद्यातील निवडक कंपन्यांचा अभ्यास" हे टायटल मनात असेल तर आत्ताच सोडून द्या. गूगल फॉर्म, मित्रांच्या ग्रुपवर टाकलेली लिंक, कॉलेजच्या मित्रांनीच एम्प्लॉयी बनून भरलेली उत्तरं आणि त्यावर अल्फा, म्हणजे प्रश्नावली किती भरवशाची ते सांगणारा आकडा, ०.७ च्या वर आला म्हणून आनंद, याला ओडी म्हणत नाहीत. पारीकांची कंपनीतली संस्कृती मोजणारी ऑक्टापेस प्रश्नावली, ४० प्रश्न, आठ मूल्यं, चांगली आहे, पण लोक ती रेशनचा फॉर्म भरून घ्यावा तशी भरून घेतात आणि निघून जातात. आणि नेटवर सापडलेली एमएलक्यू, म्हणजे लीडरशिप मोजायची प्रश्नावली, बिनधास्त छापू नका, ती कॉपीराइटवाली आहे, लायसन्स विकत घ्यावं लागतं.

ओडीत तुम्ही एका कंपनीत जाता, लोकांशी बोलता, जे कळलं ते त्याच लोकांपुढे ठेवता. म्हणजे पहिला फॉर्म वाटायच्या आधी हे ठरलं पाहिजे की तुम्ही नेमकं कोणासाठी काम करताय आणि कोणाला काय दिसणार. इथेच माझे हाल झाले होते म्हणून सविस्तर लिहिते.

ओळखीने आत गेलात, एचआरवाल्यांनी चहा पाजला, "या कधीपण" म्हणाले, याला परवानगी समजू नका. शाइन यालाच कॉन्टॅक्ट क्लायंट म्हणतो, म्हणजे ज्याने दार उघडलं तो. ज्याच्या डोक्याला त्रास आहे आणि ज्याच्या हातात काही बदलायची ताकद आहे तो माणूस वेगळा, लहान युनिटमध्ये शेठ स्वतः, मोठ्या ठिकाणी प्लँट हेड. त्याला भेटल्याशिवाय सुरुवात करायची नाही, एचआर म्हणजे मीसुद्धा "मी सांगते ना साहेबांना" म्हटलं तरी ऐकायचं नाही.

तो भेटला की म्हणणार, "लोकांत मोटिव्हेशनच नाही, जरा बघा." ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या, पण तेच तुमच्या प्रोजेक्टचं टायटल करू नका. विचारा, हे कधीपासून, आधी काय करून बघितलं, आणि आम्हाला काही सापडलं तर तुम्ही काय बदलू शकाल. तिसऱ्या प्रश्नाला "ते बघू नंतर" असं उत्तर आलं तर नमस्कार करून दुसरी कंपनी शोधा, खरंच सांगते, पुढचे चार महिने वाचतील.

माझ्या वेळी एका युनिटमध्ये, नाव घेत नाही, सगळं तोंडी ठरलं होतं. मुलाखती निम्म्या झाल्या आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा आला, नानखटाई आली, आणि मग अगदी प्रेमाने, "बेन, पेलो वेल्डिंगवाळो शुं बोल्यो?" म्हणजे तो वेल्डिंगवाला काय बोलला. मी म्हटलं, नावं सांगता येणार नाहीत. तर म्हणे कंपनी माझी, माणसं माझी, मग ते बोलले तेपण माझंच. हात वहीकडे. वही मी दिली नाही, दुसऱ्या दिवसापासून गेटवर माझं नाव नव्हतं, आणि सबमिशन तोंडावर असताना हालोलला नवीन कंपनी शोधत फिरले.

तेव्हापासून माझा नियम, कोणाचाही प्रोजेक्ट असो, एका पानाचा कागद आणि त्यावर त्या निर्णय घेणाऱ्याची सही. इंग्रजीत कायदेशीर भाषा नको, गुजरातीत साधं लिहा. काय बघणार, कोणाकोणाशी बोलणार. बोलणं ड्यूटीच्या वेळात होईल आणि त्या वेळेची हजेरी कापली जाणार नाही (हे कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी मुद्दाम लिहा, कायमवाल्यांची कोणी कापत नाही). मुलाखतीच्या वह्या माझ्याकडेच राहतील, कोणालाही दाखवणार नाही, कॉलेजातल्या सरांनाही नावं पुसूनच. पाचपेक्षा कमी लोकांच्या गटाचा आकडा वेगळा दाखवणार नाही. जे निघेल ते ज्यांनी सांगितलं त्यांनाही ऐकवणार. दोघांपैकी कोणीही मध्येच थांबवू शकतं.

पाचवाली अट लोकांना उगाच वाटते. उगाच नाही. मुलं फॉर्मवर मोठ्या अक्षरात "नाव लिहू नये" असं छापतात आणि खाली डिपार्टमेंट, वय, शिक्षण, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं असे रकाने देतात. क्वालिटीत बाई एकच असते! तिने फॉर्म भरला काय आणि सही करून दिला काय, सारखंच. जे रकाने लागणारच नाहीत ते काढून टाका, वयसुद्धा नुसतं तिशीच्या आत की बाहेर एवढंच विचारा.

आता कागदात न लिहिता तोंडाने बोलायची गोष्ट, आणि हे कोणीच सांगत नाही. लोक बोलायला लागले की बोट बऱ्याचदा सही करणाऱ्याकडेच वळतं. साहेब ओरडतात, सगळं स्वतःच ठरवतात, त्यांचा मुलगा परदेशातून आला आणि कालचा आलेला तो आमच्या डोक्यावर बसला, वगैरे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून ठेवा, "यात तुमच्याबद्दल काही आलं तर कसं ऐकायला आवडेल?" बहुतेक जण हसून म्हणतात, बिनधास्त सांगा. विश्वास ठेवू नका. रिपोर्टच्या आदल्या दिवशी त्यांना एकट्याला बसवून तो भाग सांगायचा, नावं न घेता, त्यांना चिडायला वेळ द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तोच कागद ठेवायचा, एक ओळ इकडची तिकडे न करता. साहेबांसाठी गोड आणि लोकांसाठी तिखट असे दोन रिपोर्ट बनवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला परत काही विचारू नका.

आणि लोकांना ऐकवायची अट सोडू नका, कितीही घासाघीस झाली तरी. १९४६ मध्ये अमेरिकेत कनेटिकटला लेविनच्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी संशोधक आपापसात बसून दिवसभर कोण कसं वागलं याची चर्चा करायचे, आणि काही सहभागी लोक येऊन बसले, स्वतःबद्दलचं ऐकलं आणि म्हणाले, छे, असं नव्हतं झालं, आम्ही सांगतो. त्या वादातून टी-ग्रुप, म्हणजे गटात बसून एकमेकांच्या वागण्यावरून शिकायची पद्धत, निघाला आणि १९४७ मध्ये अमेरिकेतल्याच मेन राज्यात बेथेलला एनटीएलचं (नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज) काम सुरू झालं. लोकांनी तुमच्या निष्कर्षाला "छे" म्हणायची सोय पाहिजे, त्या "छे"नंतर जे बाहेर येतं ते कुठल्याही प्रश्नावलीत येत नाही.

मुलाखती

एचआरच्या काचेच्या केबिनमध्ये कधीच बसू नका, येणारा-जाणारा बघतो कोण किती वेळ बसलाय. जेवणाची वेळ उलटून गेल्यावर कँटीनचा कोपरा उत्तम. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलंत की माणूस "कंपनी छान आहे" म्हणतो आणि उठतो, वही वापरा. भाषा समोरचा बोलेल ती, आपल्या बडोद्याच्या मराठी मुलांना गुजराती-हिंदी दोन्ही येतं हा खरंच फायदा आहे, पुण्याहून आलेल्यांना दुभाषा शोधावा लागतो.

आणि कॅलेंडर बघा. नवरात्रात सकाळच्या पाळीला मुलाखत लावू नका, रात्रभर गरबा खेळून आलेला माणूस तुम्हाला काय सांगणार. दिवाळीत बंद झालेलं युनिट लाभपाचमेशिवाय धड सुरू होत नाही, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, अख्खं शहर पतंग उडवत गच्चीवर असतं, आणि मार्चमध्ये अकाउंट्सवाले कोणाशीच बोलत नाहीत. ऑगस्ट बरा, नाहीतर दिवाळीनंतर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत उरकून टाका.

अ‍ॅनालिसिस, रिपोर्ट, बाइंडिंग

एसपीएसएस, म्हणजे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, शिकवणारे पावलोपावली आहेत, त्यात अडू नका. रिपोर्टमध्ये कंपनीचं नाव झाका, आणि "वाघोडिया रोडवरची अमुक बनवणारी एकमेव कंपनी" असं लिहून ते परत उघडू नका.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) हमखास विचारतात की सँपल एवढं लहान का. घाबरून माफी मागू नका. सांगा की हा सर्व्हे नाही, अ‍ॅक्शन रिसर्च आहे, म्हणजे लोकांसोबत बदल करत करत केलेला अभ्यास, एकाच कंपनीत खोल जायचं ठरलं होतं. तो सहीचा कागद परिशिष्टात कंपनीचं नाव आणि सही झाकून लावलेला असतो तो उघडून दाखवा, आणि फीडबॅकच्या मीटिंगमध्ये लोकांनी तुमचे कुठले निष्कर्ष खोडून काढले ते आधी सांगा.