अमेरिकेतील परवानाधारक शस्त्रधारकांनी कायदेशीर बचावाचा विमा कसा निवडावा

अमेरिकेत स्वसंरक्षणार्थ गोळी झाडणाऱ्या व्यक्तीवर एकाच घटनेतून दोन स्वतंत्र प्रकरणे उभी राहू शकतात: सरकारी पक्षाचा फौजदारी खटला आणि जखमी व्यक्तीचा किंवा मृताच्या वारसांचा नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. दिवाणी दाव्यात पुराव्याची कसोटी सौम्य असल्यामुळे फौजदारीतून निर्दोष सुटलेला माणूसही तेथे हरू शकतो.

सर्वप्रथम घरविम्याची पॉलिसी वाचावी, कारण अमेरिकेत तीत आपल्या हातून इतरांना झालेल्या इजेची भरपाईही सहसा येते. तीत हेतुपुरस्सर केलेली इजा सहसा वगळलेली असते. मात्र व्यक्ती किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी वापरलेल्या वाजवी बळाचा अपवाद अनेक पॉलिसींमध्ये असतो. तो असला तरी उपयोग दिवाणी दाव्यापुरताच होतो, फौजदारी वकिलाचा खर्च त्यातून मिळत नाही.

वेगळे विमाछत्र घ्यायचे ठरल्यास जाहिरातीतील मोठ्या रकमेकडे पाहण्याआधी पैसे कधी मिळणार ते पाहावे. काही योजना खर्च होत जाईल तसा भरतात, तर काही निर्दोष सुटल्यानंतरच परतफेड करतात. परतफेडीची योजना माझ्या मते बहुतेक कुटुंबांच्या कामाची नाही, कारण जामीन, वकिलाची आगाऊ फी आणि तज्ज्ञ साक्षीदार यांसाठी पैसा निकालाच्या कितीतरी आधी लागतो. दोषी ठरल्यास किंवा गुन्हा कबूल करून तडजोड केल्यास दिलेली रक्कम परत मागण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे का, हेही लेखी विचारावे. वकील आपण निवडायचा की कंपनीने, आणि वकिलाचा खर्च विम्याच्या एकूण मर्यादेतूनच वजा होतो का, हे प्रश्नही याच ओघात येतात.

मग वगळलेल्या बाबींचे पान. मद्यपान, शस्त्रबंदी असलेली जागा, परवाना मान्य नसलेले राज्य, चुकून सुटलेली गोळी, घरातल्याच व्यक्तीशी झालेला प्रसंग: यांतील प्रत्येक शक्यतेचे स्पष्ट उत्तर पॉलिसीच्या मजकुरातच मिळायला हवे, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनात नव्हे.

राज्यागणिक कायदा बदलतो. अशी एक योजना बेकायदा ठरवून न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाने 2018 मध्ये संबंधित विमा दलाल आणि विमा कंपनी या दोघांनाही दंड केला होता. त्यामुळे आपल्या राज्याच्या विमा विभागाकडे योजनेची वैधता तपासावी. काही योजना विमा नसून सभासदत्व किंवा आगाऊ पैसे भरून घेतलेली वकिली सेवा असतात. तेथे विमा ग्राहकाचे सर्व हक्क लागू होतीलच असे नाही.

स्थलांतरितांसाठी आणखी एक मुद्दा आहे. तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडल्यास, शस्त्र बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डधारक ते बाळगू शकतो, पण शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्याच्यावर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. तडजोडीने हद्दपारी ओढवणार असेल तर अशिलाला तसे सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवले; तरीही इमिग्रेशन वकिलाचा वेगळा खर्च योजनेत धरला आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

पॉलिसी हाती आल्यावर तिचा आपत्कालीन क्रमांक परवान्यासोबत ठेवावा आणि जोडीदारालाही द्यावा. त्या क्रमांकावर फक्त घटना घडल्याची सूचना द्यावी. तपशील वकिलाशी बोलण्यासाठी राखावा.