माग, उतारा आणि मोटर: गावातील तंत्रज्ञानाचा अभ्यास कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील ज्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना किंवा वाचनालयाच्या कार्यकर्त्यांना आपल्या गावात एखादे यंत्र आल्यावर नेमके काय घडले हे नीट लिहून काढायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. यंत्राने माणसे बदलली एवढे लिहिणे सोपे असते; माणसांनी त्या यंत्राला कोणते वळण दिले हे शोधणे कष्टाचे असते, आणि अभ्यासाचे खरे मोल तेथेच आहे.

पहिले काम विषय लहान करण्याचे. ‘मोबाइल आणि समाज’ हा विषय घेऊ नये, कारण तो कोणालाच संपवता येत नाही. त्याऐवजी बेळगावच्या वडगावातील एका गल्लीतील यंत्रमाग, एका शिवारातील पाणीपंपाच्या मोटरींचे स्टार्टर, किंवा नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) मिळणारा जमिनीचा उतारा घ्यावा. ज्या वस्तूला हात लावता येतो आणि जी वापरणारी माणसे भेटू शकतात, तीच वस्तू निवडावी.

दुसरे काम प्रश्न ठरवण्याचे. ट्रेवर पिंच आणि वीबे बायकर या अभ्यासकांनी 1984 मध्ये सायकलीचे उदाहरण घेऊन एक उपयुक्त पद्धत मांडली. उंच चाकाची जुनी सायकल धाडसी तरुणांना आवडत असे. स्त्रियांना आणि वयस्कांना मात्र ती धोक्याची वाटे. 1888 मध्ये डनलप या संशोधकाने आणलेला हवेचा टायर हा प्रारंभी केवळ हादरे कमी करण्याचा उपाय होता, आणि शर्यती खेळणाऱ्यांनी त्याची थट्टाच केली. त्याच टायरच्या सायकली शर्यती जिंकू लागल्यावर त्यांचे मत फिरले. सायकलीचे आजचे रूप या निरनिराळ्या गटांच्या ओढाताणीतून ठरले. म्हणून आपणही प्रत्येक वस्तूबाबत तीन गोष्टी विचाराव्यात: ती कोणाकोणाला हवी होती, कोणाला नको होती, आणि ती आज आहे तशीच असावी हे कोणी ठरवले.

यंत्रमागावर हे प्रश्न लावून पाहावेत. बेळगावातील शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते, आणि तेथील साड्यांचे नाव हातमागाच्या काळापासूनचे आहे. शहापूर, वडगाव, खासबाग या परिसरात हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, याचे श्रेय किंवा दोष एकट्या विजेला देऊन मोकळे होता येत नाही. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा केंद्राचा कायदा 1985 मध्ये झाला. प्रारंभी त्याखाली 22 वस्तू होत्या, पुढे त्या 11 वर आल्या. म्हणजे यंत्रमागावर काय विणता येते याचे उत्तर यंत्राच्या क्षमतेइतकेच कायद्यानेही दिले आहे. त्यात सुरतेच्या स्वस्त साडीची स्पर्धा, सुताचा भाव आणि विजेची सवलत ही कारणे मिळवावीत. त्यानंतर घरात यावे. माग घरातच असेल, तर खोल्यांची मांडणी, झोपण्याच्या वेळा, शेजाऱ्यांशी होणारे आवाजाचे वाद आणि कांड्या (सुताच्या नळ्या) भरण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, याची नोंद करावी. कांड्या भरणाऱ्या स्त्रिया स्वतःला ‘विणकर’ म्हणवून घेत नाहीत आणि मजुरीच्या हिशेबातही पुष्कळदा दिसत नाहीत. ज्या अभ्यासात केवळ मागवाल्याचे बोलणे आहे, तो माझ्या मते अर्धाच समजावा.

उताऱ्याचा विषय सीमाभागासाठी सर्वांत फलदायी आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबावे. कर्नाटक सरकारने 2000 च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे 67 लाख खातेदारांचे जवळपास 2 कोटी उतारे संगणकावर आणले आणि 177 तालुक्यांत 15 रुपयांत उतारा देण्याची सोय केली. त्याआधी नोंद तलाठ्याच्या वहीत असे, आणि ती केव्हा दाखवायची हे बरेचसे त्याच्या मर्जीवर असे. संगणक आल्यावर हाताने लिहिलेल्या उताऱ्याची ग्राह्यता गेली, फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली काढण्याची व्यवस्था झाली, आणि अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच प्रणालीत शिरता येऊ लागले. यंत्राने गावातील सत्तेचा तोल हलवला, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

आता उलट बाजू पाहावी. हा उतारा कन्नडमध्ये मिळतो, आणि मराठी कागदपत्रांची मागणी आपल्याकडे जुनी आहे. संगणकाला ते जमत नव्हते, असे कोणी सांगितले तर एक तांत्रिक बाब तपासावी. भारतीय लिप्यांसाठी 1991 मध्ये झालेल्या ‘इस्की’ या मानकात देवनागरी आणि कन्नडसह अनेक लिप्यांतील समान उच्चाराच्या अक्षरांना एकच संकेतांक दिलेला होता, आणि भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर दोन्ही लिप्यांतील ‘क’ एकाच कळीवर येतो. निदान खातेदाराचे नाव दोन्ही लिप्यांत छापणे यंत्राच्या आवाक्यात होते. निर्णय राजभाषेच्या धोरणाचा होता. तो योग्य की अयोग्य यावर मत असण्यास हरकत नाही, परंतु अभ्यासात तो निर्णय यंत्राच्या नावावर खपवला जाऊ नये.

याच धाग्याने पुढे जाता येते. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, उताऱ्यावर कन्नडमध्ये, आधार आणि बँकेत इंग्रजी अक्षरांत, अशी एकाच माणसाची तीन रूपे होतात. 2019 पासून पीएम-किसानचे पैसे थेट खात्यात येऊ लागल्यावर या रूपांचा मेळ बसणे महत्त्वाचे ठरले. तो मेळ कोण घालून देतो, हे पाहावे: ‘ग्राम वन’ (Grama One) या सरकारी सेवा केंद्रातील कर्मचारी, झेरॉक्सचे दुकान, की कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा माणूस? तलाठ्याच्या जागी नवा मध्यस्थ उभा राहिला आहे काय, आणि तो काय घेतो, हे प्रत्येक गावात स्वतंत्रपणे विचारावे लागेल.

मोटरीबाबत थोडक्यात सांगतो. कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. त्यामुळे वापराला मर्यादा उरते ती पैशाची नसून थ्री-फेज विजेच्या तासांची. रात्री वीज आली की शेतात जावे लागू नये म्हणून स्वयंचलित स्टार्टर आले, मग मोबाइलवरून चालणारे आले. मात्र साऱ्या शिवाराने स्टार्टर ‘ऑटो’वर ठेवले, तर वीज येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण पडतो. तेथे पाळी ठरवली जाते का आणि ती कोण ठरवतो, एवढाच प्रश्न एका चांगल्या प्रकरणाला पुरेल.

मुलाखती घेताना मत विचारू नये, घटना विचारावी. ‘यंत्रामुळे फायदा झाला का?’ या प्रश्नाला सगळे होकारच देतात. ‘पहिला माग कोणाकडून घेतला, पैसे कोठून आणले, बिघडल्यावर कोणाला बोलावले?’ असे विचारले की माणूस मोकळा होतो. वर्षे आठवत नसतील, तर बहात्तरचा दुष्काळ, 2005 आणि 2019 चे महापूर, घरातील लग्ने यांच्या आधाराने काळ ठरवावा. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांना अवश्य भेटावे, आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत उतरवून घेऊन मग मराठीत आणावे. माग आणि मोटर दोन्ही समाजांच्या घरी सारखीच चालते. ज्यांनी यंत्र घेतले नाही किंवा घेऊन विकून टाकले, त्यांना वगळू नये.

तोंडी माहितीला कागदाची जोड द्यावी. विजेची जुनी बिले, सोसायटीचे अहवाल, माग खरेदीच्या पावत्या आणि बेळगावात 1919 पासून निघणाऱ्या ‘तरुण भारत’चे जुने अंक पाहावेत. सरकारी माहितीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करताना दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. 2005 च्या कायद्यानुसार तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे येथे कन्नडमध्ये, करावा लागतो. आणि कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयावर, सामान्यतः 150 शब्दांच्या आत असावा लागतो. गाऱ्हाण्याचा अर्ज मात्र निराळा. संविधानाच्या अनुच्छेद 350 प्रमाणे तो संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो.

लिहायला बसल्यावर ‘यंत्रामुळे’ हा शब्द जेथे जेथे येईल तेथे थांबावे आणि त्याच काळात कायदा, भाव, पाऊस, रस्ता, कर्ज यांत काय बदलले हे पडताळावे. दुसरे कारण बळकट निघाले तर वाक्य बदलावे. मुलाखत देणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय छापू नयेत, उताऱ्याची छायाप्रत जोडताना सर्व्हे क्रमांक आणि खातेदाराचे नाव झाकावे, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना छापण्यापूर्वी मसुदा वाचून दाखवावा.